आत एक पाकीट, बाहेर एक पाकीट

पाकिटावर दोन तिकिटं होती, आणि ती दोन्ही एकमेकांशी लढणाऱ्या सरकारांची होती.

मी ३४ वर्षं आरएमएसमध्ये काढली. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. आताच्या पोरांना सांगावं लागतं की रात्रीच्या गाडीला टपालाचा एक डबा असायचा, आणि तुम्ही झोपलेले असताना आम्ही उभ्याने पत्रं खणांत टाकत असायचो. पुण्यात थैली फोडायची आणि मिरज यायच्या आत सगळी छाननी उरकायची. लाखो पाकिटं हातांखालून गेली. वेड्यावाकड्या पत्त्यांची पाहिली, तिकीट कमी पडलेली बेरंग पाहिली, पुरात भिजून लगदा झालेली पाहिली. पण दोन शत्रूंची तिकिटं शेजारी-शेजारी चिकटवलेलं पाकीट आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं, तेही वयाच्या सत्तरीनंतर, अमेरिकेत.

लेक व्हर्जिनियात हॅम्प्टनला असते. तिच्याकडे तीन महिने होतो. तिच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांना जुन्या टपालाचा नाद. लेकीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं की बाबा रेल्वेच्या टपालात होते. एका दुपारी ते अल्बम काखोटीला मारून आले. चहाला नको म्हणाले, हात मात्र धुऊन घेतले, कोरडे केले आणि मग पान उलटलं. माणूस खरा आहे हे मला तिथंच कळलं.

पाकीट तळहाताएवढं. कागद चहाच्या रंगाचा झालेला. डावीकडे निळं तिकीट, दहा सेंटचं, त्यावर फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचं तोंड. उजवीकडे गुलाबी, तीन सेंटचं, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन. निळ्यावर ठसा त्यांच्या राजधानीचा, रिचमंडचा; गुलाबीवर ठसा ओल्ड पॉइंट कम्फर्टचा. कोपऱ्यात शाईने खरडलेलं, 'तपासले' अशा अर्थाचं, आणि कुणाची तरी आद्याक्षरं. पत्ता बाल्टिमोरच्या एका बाईंचा. मी सवयीने आधी तारखा बघितल्या. दोन ठशांत १९ दिवसांचं अंतर. रिचमंड ते हॅम्प्टन म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लेक दीड तासात गाडीने नेते.

"हे ओल्ड पॉइंट कम्फर्ट कुठं आलं?" मी विचारलं.

ते हसले. खिडकीकडे बोट करून म्हणाले, "इथून पंधरा मिनिटं."

अमेरिकेतली यादवी, १८६१ ते १८६५. आपल्याकडे शाळेत ती येते ती लिंकन आणि गुलामगिरीमुळे, किंवा मुंबईच्या कापसाच्या तेजीमुळे. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे प्रेमचंद रायचंदांचे दिवस आले. सहा लाखांवर माणसं मेली त्यात. पण त्या चार वर्षांत उत्तरेत दिलेल्या लेकीला दक्षिणेतल्या आईची खुशाली कशी कळायची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पोस्टातल्या माणसाला खरं तर तोच आधी पडायला हवा.

सुरुवात तर गमतीची आहे. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा सुटल्या, युद्ध सुरू झालं. तरी दक्षिणेतल्या राज्यांत टपालाचा बटवडा वॉशिंग्टनचंच खातं करत होतं, मेअखेरपर्यंत! फुटून निघालेल्या सरकारलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण त्यांची तयारी व्हायची होती. त्यांचा पोस्टमास्टर जनरल टेक्सासचा जॉन रेगन. या गड्याने काय करावं? वॉशिंग्टनच्या खात्यातले दक्षिणेकडचे अनुभवी कारकूनच निरोप धाडून बोलावून घेतले, येताना खात्याचे छापील फॉर्म, अहवाल, नकाशे घेऊन या म्हणाला, आणि ते आले. अख्खं खातं उचलून नेलं म्हणा ना. त्यांच्या राज्यघटनेत असं कलमच होतं की १ मार्च १८६३ नंतर टपालखात्याने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवायचा. आणि रेगनने तो भागवून दाखवला. हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटून बसलो. आमच्या खात्याला तोट्यावरून किती बोलणी खावी लागली ते आम्हालाच माहीत. अर्थात रेगनने दर वाढवले, फेऱ्या तोडल्या. असा नफा कुणीही काढेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

१ जून १८६१ पासून दोन खाती वेगळी झाली. उत्तरेत दक्षिणेच्या पत्त्यावर पेटीत पडलेली पत्रं वॉशिंग्टनच्या डेड लेटर ऑफिसात, म्हणजे न पोचणाऱ्या पत्रांच्या कचेरीत, जाऊ लागली आणि 'मेल्स सस्पेंडेड', टपाल बंद, असा शिक्का खाऊन लिहिणाराकडे परत. उत्तरेने तर त्या उन्हाळ्यात तिकिटांची नवी मालिकाच काढली आणि जुनी तिकिटं बाद केली. दक्षिणेतल्या पोस्टांत जुन्या तिकिटांचा साठा पडून होता, तो पैशासारखा वापरला जाऊ नये म्हणून. तिकिटांची नोटबंदी. दक्षिणेकडे स्वतःचं तिकीट ऑक्टोबर उजाडेपर्यंत नव्हतंच. गावोगावचे पोस्टमास्तर 'पेड' असा हाताचा शिक्का मारायचे, काहींनी स्वतःची तिकिटं छापली. त्या तिकिटांना आज सोन्याचा भाव आहे.

मधल्या दोन-तीन महिन्यांत कुरिअरवाल्यांनी हात धुऊन घेतले. म्हणजे तेव्हाच्या एक्स्प्रेस कंपन्यांनी. ॲडम्स एक्स्प्रेस ही त्यातली मोठी; शिवाय अमेरिकन लेटर एक्स्प्रेस, व्हाइटसाइड. केंटकीतल्या लुइव्हिलपासून टेनेसीतल्या नॅशव्हिलपर्यंत रस्ता होता, आणि केंटकी तेव्हा कुंपणावर बसलेलं राज्य. पत्र कंपनीच्या कचेरीत द्या, पंचवीस सेंट मोजा, ते सीमा ओलांडून पलीकडच्या पोस्टात टाकलं जाईल. सरकारी दर तीन सेंट, कंपनीचा पंचवीस. वर सरकारचे तीन सुटत नव्हतेच. ऑगस्टमध्ये लिंकनने दक्षिणेशी सगळा व्यवहार बंद केला आणि महिनाअखेर हा धंदाही बुडाला.

उरलं ते पांढऱ्या निशाणाचं टपाल. त्या पाकिटाची गोष्ट ती.

ओल्ड पॉइंट कम्फर्टच्या टोकावर फोर्ट मन्रो. व्हर्जिनिया फुटली, पण समुद्राच्या तोंडावरचा हा किल्ला चारही वर्षं उत्तरेच्याच ताब्यात राहिला. शत्रूच्या अंगणात आपला ओटा, असा प्रकार. तिथून पांढरं निशाण लावलेली बोट निघायची. आधी खाडीपलीकडच्या नॉरफोकला. मे १८६२ मध्ये नॉरफोक उत्तरेच्या हाती पडलं, मग जेम्स नदीतून वर, रिचमंडच्या दिशेने. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही सैन्यांत कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला. आधी एकन्स लँडिंग, नंतर सिटी पॉइंट अशा धक्क्यांवर कैदी उतरायचे, कैदी चढायचे, आणि त्यांच्याबरोबर थैल्या. कैद्यांची पत्रं असायची, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांचीही.

पद्धत अशी. समजा तुम्ही बाल्टिमोरला आहात आणि रिचमंडच्या बहिणीला लिहायचंय. पत्र एकच पान. त्यात फक्त घरगुती मजकूर. खाली पूर्ण नाव. 'तुझीच' वगैरे चालणार नाही. ते एका पाकिटात घालायचं, त्यावर बहिणीचा पत्ता, आणि हे पाकीट चिकटवायचं नाही. त्याच्यासोबत दक्षिणेच्या टपालाचा दहा सेंटचा आकार, नाणं म्हणून किंवा तिकीट म्हणून. मग हे सगळं दुसऱ्या, मोठ्या पाकिटात. त्यावर पत्ता फोर्ट मन्रोच्या कमांडिंग जनरलचा, 'पांढऱ्या निशाणाने पाठवण्यासाठी' असा शेरा, आणि उत्तरेचं तीन सेंटचं तिकीट. किल्ल्यात बाहेरचं पाकीट फाडून फेकून देत. आतलं पत्र अधिकारी वाचे, पसंत पडलं तर पाकिटावर 'तपासले' लिहून थैलीत. पसंत पडलं नाही तर ते पुढे जात नसे. पलीकडून येणारं याच रीतीने, उलट्या दिशेने.

सगळेच काही दोन पाकिटं वापरत नसत. कागदाची टंचाई, घाई, काहीही असेल. मग दोन्ही तिकिटं एकाच पाकिटावर बसत. आमच्या गल्लीतल्या गृहस्थांचं पाकीट त्या जातीचं. ते म्हणाले, दोन तिकिटांची पाकिटं निदान मिळतात. बाहेरची फाडलेली पाकिटं मात्र दुर्मीळ, कारण ती ठेवणार कोण? किल्ल्यातल्या शेगडीत गेली असतील.

आता माझ्यातला सॉर्टर इथं अडकतो. उत्तरेचं सरकार दक्षिणेला सरकारच मानत नव्हतं. त्यांच्या लेखी ते बंडखोर. त्यांचं तिकीट म्हणजे रंगीत कागदाचा तुकडा. पण फोर्ट मन्रोतल्या कारकुनाला त्या बंडखोरांचे दहा सेंट जपून पुढे पाठवावे लागत होते, कारण नाही पाठवले तर पलीकडचा कारकून पत्र बेरंग करील किंवा बाजूला टाकील. आणि रिचमंडच्या कारकुनाला उत्तरेचे तीन सेंट. जनरल लोक एकमेकांना काय म्हणत होते ते इतिहासात आहे. दोन टपाल कारकून मात्र सुट्ट्या पैशांपुरता एकमेकांवर विश्वास टाकून होते. दक्षिणेतल्या माणसाला उत्तरेचं तिकीट मिळणार कुठून? कधी उत्तरेतल्या नातेवाइकाने आधीच्या पत्रात घालून पाठवलेलं असे. नसेल तर इकडे 'ड्यू ३' असा शिक्का बसे आणि पैसे घेणाऱ्याच्या दारात वसूल. बेरंग पत्र सोडवून घेताना पोस्टमनशी झालेली वादावादी आमच्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. इथं कुणी वाद घालत असेल असं वाटत नाही.

वॉशिंग्टनची आणखी एक गंमत. १८६३ मध्ये दक्षिणेने वीस सेंटचं हिरवं तिकीट काढलं, त्यावरही जॉर्ज वॉशिंग्टनच. दोघांचाही राष्ट्रपिता एकच, आणि व्हर्जिनियाचाच. भाऊबंदकीत देवघरातले देव कुणाकडे जायचे यावरून आमच्या कराडात दोन घरांत वर्षानुवर्षं अबोला होता, त्याची आठवण झाली.

पत्रं वाचणाऱ्या त्या अधिकाऱ्याचा मी बराच विचार केला. कार्ड वाचायची सवय आम्हालाही होती, खोटं कशाला बोला. पोस्टकार्ड उघडंच असतं, हातातून जाताना दोन ओळी डोळ्यांखालून जायच्याच. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की आम्ही ते वरच्या बाजूला ठेवायचो, म्हणजे थैली फुटल्यावर आधी हाताला लागावं, मयताची बातमी. हळदीकुंकवाची बोटं उठलेलं असलं तर लग्न. पहिली दोन-तीन वर्षं माणूस त्यात गुंततो. मग पत्ता तेवढा दिसतो, मजकूर दिसेनासा होतो. फोर्ट मन्रोतल्या माणसाला मजकूरच बघायचा होता, पत्ता नव्हे. दिवसभर दुसऱ्यांच्या घरातली दुखणी, बाळंतपणं, मेलेली जनावरं. त्यातून हेरगिरी हुडकायची. आणि हेरगिरी कशी लिहितात? "मावशी बरी आहे, पुढच्या महिन्यात तिकडे यायचं म्हणते", यात मावशी कोण आणि सैन्याची तुकडी कोण?

आमच्या घरातलंच सांगतो. १९७१ ला माझे धाकटे काका फौजेत होते. युद्ध पेटलेलं, पत्रावर पत्ता फक्त एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ओट्यावर बसून मी वाचायचो. काकांनी कुठं आहे ते लिहायचं नाही हा नियम, आणि आजीचा प्रश्न दर वेळी तोच, "हाय कुठं त्यो?" एका पत्रात काकांनी लिहिलं, "इकडे सकाळ-संध्याकाळ भात आणि मासळी. भाकरी डोळ्याला दिसत नाही. नदी आहे ती आपल्या कृष्णेपेक्षा कैक पटीनं रुंद, पलीकडचा काठ दिसत नाही." पत्रावर सेन्सॉरचा शिक्का होता. आजी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बंगाल्यात हाय." ती कराडच्या पलीकडे फारशी कधी गेली नव्हती. सेन्सॉरला जे चाललं ते आजीला पुरलं.

म्हणून एका पानाची अट मला जाचक वाटली तरी परकी वाटली नाही. आपलं कार्ड म्हणजे तरी दुसरं काय होतं? उघडं, एका पानाचं, गावभर वाचलं जाणारं. 'सर्व मंडळी खुशाल आहेत' या चार शब्दांत कोण आजारी होतं आणि आता उठून बसलं हे आपल्याला कळायचं. त्या अल्बमात एक पत्र होतं, त्यात बाईने पान भरल्यावर कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहिलं होतं. जाळी झालेली. आम्ही कार्डाच्या कडेने, पत्त्याच्या रेघेपर्यंत घुसून लिहायचो तसंच. नियमात पान एकच होतं, ओळींबद्दल काही म्हटलं नव्हतं!

आणखी एक पाकीट त्यांनी उलगडून दाखवलं. बाहेरून साधं, मळकट. आतून गुलाबी फुलं आणि हिरवी पानं. भिंतीला लावायचा छापील कागद. उत्तरेने समुद्रात घातलेल्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कागद संपत गेला, तेव्हा लोकांनी दिवाणखान्याच्या भिंतीचे उरलेले ताव कापून पाकिटं केली. आलेलं पाकीट उसवून, उलटं करून पुन्हा चिकटवलेलीही पुष्कळ. शाळेत असताना लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये, पण वाटलं. त्या घरात ती फुलं कुठल्या खोलीत होती कोण जाणे.

सरळ मार्ग असा अरुंद, त्यामुळे आडमार्ग होतेच. मिसिसिपी नदीवर ॲब्सलम ग्राइम्स नावाचा आगबोटीचा पायलट होता, मिझुरीचा. १८६१ च्या उन्हाळ्यात काही आठवडे तो आणि मार्क ट्वेन एकाच हौशी फौजेत होते. ट्वेनने लवकरच काढता पाय घेतला, हा राहिला. मिझुरी राज्य उत्तरेच्या ताब्यात, पण तिथली हजारो पोरं दक्षिणेच्या सैन्यात. त्यांच्या आयांची पत्रं पोचवायचं काम ग्राइम्सने घेतलं. सेंट लुइसमधल्या बायका पत्रं गोळा करायच्या, घागऱ्यांच्या घेरात शिवून पहाऱ्यातून न्यायच्या. त्या काळचे घागरे केवढे घेरदार, आणि कोण शिपाई तपासणार? ग्राइम्स कितीदा तरी पकडला गेला, तितक्यांदा निसटला. शेवटी मृत्युदंड झाला. डिसेंबर १८६४ मध्ये लिंकनने त्याला माफी दिली. आमच्यात थैली गाडीखाली पडली तर मेमो मिळायचा; हा टपालासाठी फासापर्यंत जाऊन आला.

नाकेबंदी चुकवून बर्म्युडा, नसाऊमार्गे जहाजांनीही पत्रं जायची, पण तो श्रीमंतांचा आणि व्यापाऱ्यांचा मार्ग. त्यात मला गोडी आहे ती एवढीच, की दक्षिणेने पाच सेंटची तिकिटं लंडनच्या द ला रू कंपनीकडून छापून घेतली आणि अशीच लपवत-छपवत आणली. तीच कंपनी तेव्हा हिंदुस्थानची तिकिटंही छापत होती. नाशिकच्या छापखान्यात आपली तिकिटं निघायला १९२६ साल उजाडलं.

मला सगळ्यात आवडला तो वर्तमानपत्रांचा मार्ग. 'न्यूयॉर्क डेली न्यूज' हा पेपर युद्धाच्या विरोधातला. १८६४ मध्ये त्यात खासगी निरोपांच्या जाहिराती भरभरून यायला लागल्या. सगळे बरे आहोत, अमक्याचं लग्न झालं, पत्र मिळालं नाही, उत्तर द्या. शेवटी एक ओळ: 'रिचमंड एन्क्वायररने कृपया छापावे.' दोन्ही बाजूंचे पेपर सीमेपलीकडे पोचत होतेच, एन्क्वायरर ते उतरवून घेई आणि रिचमंडमधली माणसं तिथूनच उत्तर देत, न्यूयॉर्कच्या पेपराने छापावे म्हणून. ना तिकीट, ना पाकीट, ना पान मोजायची भानगड. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे सरकारने तेही बंद पाडलं.

इतकं सगळं ऐकल्यावर किल्ला बघायचा राहिला असता तर झोप लागली नसती. रविवारी लेकीने नेलं. किल्ला म्हणजे मंडळींच्या डोळ्यांसमोर वसंतगड. "माझ्यानं चढवणार नाही," असं त्यांनी गाडीतच जाहीर केलं होतं. चढायला काहीच नाही. सपाट जमिनीवर दगडी तट, भोवती पाण्याचा खंदक, खंदकावर पूल. आत झाडं, घरं, हिरवळ. मंडळी खूश. मी धक्का शोधत होतो.

वाटेत एक फलक लागला, तिथं मात्र बराच वेळ थांबलो. मे १८६१ मध्ये रात्री तीन गुलाम होडीतून या किल्ल्यावर आले: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. मालक त्यांना दक्षिणेच्या सैन्याच्या कामाला जुंपत होता. मालकाच्या वतीने माणूस परत मागायला आला, तेव्हा किल्ल्यावरच्या जनरल बटलरने त्यांना परत दिलं नाही. शत्रूच्या कामाचा माल म्हणजे जप्त माल, असा कायदा काढला. त्यांना 'माल' म्हणूनच का होईना, ठेवून घेतलं. मागोमाग हजारोंनी लोक आले. त्याच धक्क्यावरून पांढऱ्या निशाणाची बोट सुटत होती आणि त्यातलं एखादं पत्र या लोकांचं असेल तर ते क्वचितच. व्हर्जिनियात त्यांना लिहा-वाचायला शिकवायला कायद्यानेच बंदी होती. एका पानाची अट जाचक म्हणणाऱ्याला आधी पान असावं लागतं. विकून दूर पाठवलेली बायको, पोरं कुठं आहेत याचा पत्ताही नव्हता. युद्ध संपल्यावर हे लोक चर्चच्या वर्तमानपत्रांतून 'माहिती हवी' अशा जाहिराती देत वर्षानुवर्षं शोधत राहिले. त्यांच्यापैकी कितींना उत्तर आलं असेल?

हॅम्प्टनमध्येच एक मोठा ओक आहे, किल्ल्यापासून गाडीने थोडकं अंतर. सप्टेंबर १८६१ मध्ये मेरी पीक नावाच्या बाईने तिथं, त्या झाडाखाली, पळून आलेल्यांना शिकवायला सुरुवात केली. फांद्या जमिनीला टेकतील इतक्या पसरलेल्या. झाडाखाली उभी राहून लेक म्हणाली, "बाबा, आपल्या सावित्रीबाईंच्या नंतर तेराच वर्षं." जोतिरावांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं, हे तिला शाळेत मार्कांसाठी पाठ होतं. इथं राहायला आल्यावर कधी आठवलं नव्हतं म्हणाली.

धक्का सापडला. म्हणजे पाणी सापडलं. आता तिथं मासे धरणारी माणसं आणि बाकडी आहेत. वाऱ्याने टोपी उडत होती. मंडळी बाकड्यावर बसल्या आणि डब्यातले लाडू काढले. मी त्या निळ्या तिकिटाचा विचार करत होतो. रिचमंडहून निघून १९ दिवसांनी इथं उतरलेलं. इतके दिवस कुठं पडून होतं? धुक्यात बोट थांबली, का कैद्यांच्या संख्येवरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचं भांडण लागलं, का वाचणाऱ्याच्या टेबलावर गठ्ठा साचला? माझा अंदाज गठ्ठ्यावर आहे. टपालात उशीर झाला की लोक पावसाला नाव ठेवतात, पण निम्म्या वेळा कारण गठ्ठाच असतो.

निघायच्या आधी तटाच्या पोटातल्या खोल्या बघायच्या होत्या. तोफांसाठी बांधलेल्या, जाड भिंतींच्या, कमानी असलेल्या. एका खोलीत साधी खाट, टेबल, खुर्ची मांडून ठेवलीय आणि भिंतीवर लोखंडी गज. मे १८६५ मध्ये, युद्ध हरल्यावर, जेफरसन डेव्हिसला पकडून इथं आणून कोंडलं. दहा सेंटच्या निळ्या तिकिटावरचं ते तोंड. त्याच्या तोंडावर ठसा मारलेली पत्रं ज्या किल्ल्यात उघडून वाचली गेली, तिथंच. सुरुवातीला पायात बेड्या होत्या, आणि बायकोला पत्र लिहायचीही परवानगी नव्हती. ती काही महिन्यांनी मिळाली, अटींवर. पत्र सरकार आधी तपासणार, आणि मजकूर फक्त घरगुती.